फौजेचं पिस्तूल आणि धुळ्याची थंडी

आमच्या दुकानात येणारा माणूस आधी दारातच थांबतो. एका बाजूला ठिबकच्या नळ्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला साड्यांचं, आणि मधे काचेमागे बंदुका. तो आत डोकावतो, काउंटरवर मला बघतो, पुन्हा वर पाटी वाचतो आणि विचारतो, "शेठ नाहीत का?" शेठ समोरच्या खुर्चीत बसलेले असतात. मी फक्त बोट दाखवते.

जळगावच्या या शस्त्रांच्या दुकानात मला सहा वर्षं झाली. बी.कॉम. झाल्यावर लगेच लागले. शस्त्रांची माहिती कॉम्प्युटरवर भरायची सोय नवीन आली होती आणि झुंबरशेठना इंग्रजी येणारं माणूस हवं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे इंग्रजी येतं. बोलणं मात्र कोणत्याच भाषेत जमत नाही. मुलाखतीला आई सोबत आली होती. तिनं आधीच सांगून टाकलं, "शेठजी, ही फार कमी बोलते हं."

"चांगलंच आहे," शेठ म्हणाले. "बंदुकीच्या दुकानात जास्त बोलणारं माणूस काय कामाचं?"

झुंबरशेठचे आजोबा राजस्थानातून इकडे आले. शेठ कांदा-लसूण खात नाहीत, फरशीवर मुंगी दिसली तर पाय उचलून पलीकडे टाकतात आणि बंदुका विकतात. कोणी त्यावरून छेडलं की म्हणतात, "भाई, मी फक्त विकतो. आजवर एक गोळी उडवली नाही." ते खरं आहे. मीही उडवलेली नाही. आमच्या दुकानात बंदूक उडवलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे नाना मिस्तरी. मागच्या कोठडीत बसून चाळीस वर्षं त्यांनी खान्देशातल्या बंदुका दुरुस्त केल्या. मला स्क्रू-ड्रायव्हर कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं. तेही माझ्यासारखेच. आम्ही दोघं दिवसभरात दहा वाक्यं बोललो तर त्या दिवशी गप्पा झाल्या असं समजायचं. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला म्हणून ते मुलाकडे सुरतेला गेले. जाताना मला आपला चिमटा दिला आणि म्हणाले, "सांभाळ." चिमटा की दुकान, ते मी विचारलं नाही.

लोकांना वाटतं, आमच्याकडे सिनेमातली माणसं येत असतील. येतात ते शेतकरी. रानडुकरांनी केळीची बाग उकरली, की बारा बोअरच्या काडतुसांची चौकशी सुरू होते. बँकांचे वॉचमन येतात. निवडणूक लागली की परवानाधारकांना शस्त्रं जमा करावी लागतात, तेव्हा आमचं दुकान पाळणाघर होतं. पारोळ्याकडचे एक आबा दर रविवारी आपल्या जमा केलेल्या बंदुकीला भेटायला येत. मी ती तिजोरीतून काढून काउंटरवर ठेवायची. ते दस्त्यावरून हात फिरवायचे, "बरी आहे ना?" असं मला विचारायचे आणि चहा पिऊन जायचे. एकदा नवरदेवाचा मामा वरातीत मिरवायला अर्ध्या दिवसासाठी बंदूक भाड्यानं मागायला आला. शेठनी त्याला शेजारी पाठवलं. तिथं शालू मिळतात.

सुमनअक्का मात्र दारात थांबल्या नाहीत. मागच्या वर्षी श्रावणातली गोष्ट. धुळ्याच्या पासिंगची जुनी मारुती थेट पायरीला लागली आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटातल्या, साठीच्या आसपासच्या बाई आत आल्या. गळ्यात शिट्टी नव्हती, पण असायला हवी होती असं वाटलं. धुळ्याच्या मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं पीटी शिकवली होती. निवृत्तीनंतर रायफल क्लबात जाऊन छऱ्याच्या पिस्तुलावर नेमबाजी शिकल्या, त्यात क्लबाची दोन पदकं मिळवली आणि आता त्यांना पंचवीस मीटरवरची, खऱ्या काडतुसाची स्पर्धा खेळायची होती. परवाना हातात होता. त्यावर शस्त्र घेण्याची मुदत लिहिलेली असते, ती संपत आली होती.

"बत्तीस बोअरचं पिस्तूल. स्वस्तातलं," त्या म्हणाल्या. "फौजेतून निघालेलं काही असेल तर दाखवा. जानेवारीत आमच्या क्लबाची निवड स्पर्धा आहे. त्यात नाव लागलं तर राज्याला जाता येतं. पुढच्या वर्षी गुडघे कोणाच्या नावावर असतील, सांगता येत नाही."

शेठनी नेहमीप्रमाणे आधी चकचकीत माल काढला. अक्कांनी तो लग्नात आलेल्या नको असलेल्या भांड्यासारखा बाजूला सारला. मग मला तिजोरीतल्या खालच्या खणातलं ते पिस्तूल आठवलं. मी काही न बोलता ते काउंटरवर आणून ठेवलं.

ते युरोपातल्या कुठल्याशा जुन्या फौजेचं होतं. फौजेची कामं झाली की अशी पिस्तुलं मोडीत निघायची आणि पेट्यांनी विकली जायची. आपल्याकडे आयात खुली होती त्या काळात त्यांतली थोडी इकडे आली. बहुतेक फौजी पिस्तुलांचा बोअर सामान्य माणसाला चालत नाही. हे बत्तीसचं, म्हणून चालतं. पाचोऱ्याच्या एका जिनिंगवाल्या आजोबांनी ते बाळगलं होतं. आजोबा गेल्यावर नातवंडांनी विकायला म्हणून आमच्याकडे ठेवलं. पाच वर्षं कोणी हात लावला नाही. रंग उडालेला, मुठीच्या एका पट्टीला तडा, आणि वरच्या भागावरचा नंबर खालच्या नंबराशी जुळत नाही. फौजेच्या कारखान्यात दहा पिस्तुलं एकदम उघडायची आणि जो भाग हाताला लागेल तो बसवायचा, म्हणून असं होतं. हौशी संग्राहक असे नंबर बघून पाठ फिरवतात. नेम धरणाऱ्याला नंबरांशी काय करायचंय? त्यानं नळी बघायची. आणि ही नळी आतून आरशासारखी होती.

हे सगळं मला माहीत होतं. बोलता मात्र येईना. मी नळी उजेडाकडे धरली आणि अक्कांसमोर केली. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"काय वं पोरी, तू बोलस का नही?" त्या एकदम अहिराणीवर आल्या. "चांगलं शे ना हाई?"

मी मान हलवली.

"अक्का, हे दिसायला..." शेठ म्हणायला लागले.

"शेठ, माले मिरवानं नही शे. नेम धरना शे."

व्यवहार ठरला, पण पिस्तूल हातात पडायला वेळ लागतो. आधीच्या मालकाच्या वारसांना विकायची परवानगी, मग नव्या परवान्यावर नोंद, मग ते कचेरीत नेऊन दाखवायचं. आमच्या धंद्यात ग्राहकाला माल पसंत पडणं हा सगळ्यात छोटा भाग. बाकी सगळे कागद. तेवढ्यात दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे मोठी शस्त्रपूजा होते. दुकानातलं प्रत्येक शस्त्र पुसून पांढऱ्या चादरीवर मांडायचं, शेठ नळीला हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल ठेवतात, पेढे वाटतात. बंदुकांच्या लाकडी दस्त्यांना आदल्या दिवशी खोबरेल चोळायची पद्धत आहे. लाकूड छान तुकतुकीत दिसतं. लोखंडाचं तेल वेगळं. ते नाना स्वतः बघायचे. नाना गेल्यानंतरचा हा पहिलाच दसरा होता. सगळी तयारी माझ्याकडे आली आणि लोखंडाच्या तेलाची बाटली तळाला गेलेली. पस्तीसेक बंदुकांना ती कशीबशी पुरली. शेवटी राहिलं अक्कांचं पिस्तूल. चादरीवर ते सगळ्यांत मळकट दिसत होतं. मला वाईट वाटलं. त्याचं आता कुणाशी तरी जमलं होतं, पूजेत तरी ते बरं दिसावं. हातात खोबरेलाची बाटली होतीच. बाहेरून चोळलं, छान दिसलं. मग मायेनं चार थेंब आतही सोडले.

दिवाळीनंतर अक्का पिस्तूल घेऊन गेल्या. नोव्हेंबरभर दुपारच्या सरावाला जात होत्या. फोनवर शेठना म्हणाल्या, "तुमची ती मुकी पोर हुशार आहे. पिस्तूल सोनं आहे सोनं." शेठनी फोन स्पीकरवर ठेवून मला ऐकवलं. मी दिवसभर खूश होते.

डिसेंबरात स्पर्धेची वेळ सकाळची ठरली, म्हणून अक्कांनी सरावही सकाळी सुरू केला. आणि पिस्तूल रुसलं. चाप ओढला की नुसती टिक. पाचांतली दोन काडतुसं उडायची, तीन नाही. रेंजवर काडतूस उडालं नाही तर पिस्तूल समोरच धरून मोकळा हात वर करायचा आणि अधिकारी येईपर्यंत तसंच थांबायचं, असा नियम आहे. अक्कांचा हात सकाळभर वरच असायचा. क्लबातले एक वकीलसाहेब म्हणाले, "अक्का, संग्रहालयातून आणलं का हे?"

"हो," अक्का म्हणाल्या. "तिथं तुमच्यासाठी पण जागा बघून आले."

पण दुपारी बारा वाजता त्या आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. शेठनी पिस्तूल रिकामं करून चाप ओढला. खणखणीत आवाज. दहादा ओढला, दहादा तोच आवाज. "पिस्तूल ठीक आहे, काडतुसं जुनी असतील," शेठ म्हणाले. अक्कांनी काडतुसं बदलली. पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा टिक.

निवड स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना त्या परत आल्या. या वेळी सकाळी, दुकान उघडताच. पेटी काउंटरवर ठेवली. "बठ्ठा क्लब हासी ऱ्हायना, शेठ. जाऊ द्या. परत घ्या." सगळा क्लब त्यांना हसत होता.

शेठ विकलेल्या मालाची जबाबदारी घेणारे आहेत. म्हणाले, "अक्का, मी दुसरं देतो. चांगलं देतो. पण कागद व्हायला दीड महिना तरी लागेल."

"मंग स्पर्धा?"

शेठनी कॅलेंडरची पानं उलटली आणि परत खाली सोडली. अक्का काचेतून बाहेर बघत राहिल्या. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू." आणि नकळत गुडघ्यावर हात ठेवला.

"बेटा, अर्ज टाइप कर," शेठ मला म्हणाले. "कारणाच्या रकान्यात लिही, शस्त्र सदोष."

मी टाइप करायला बसले. अक्कांचं नाव, परवाना, बोअर, नंबर. कारण. तिथं माझी बोटं थांबली. एकदा कागदावर 'सदोष' चढलं की त्या पिस्तुलाला पुन्हा कोणी घेणार नाही, ते कायमचं खालच्या खणात जाईल. आणि अक्का या वर्षी खेळणार नाहीत. बोटं गार पडली होती म्हणून मी हात एकमेकांवर चोळले. हाताला खोबरेलाचा वास आला. त्या सकाळी मला दुकानात यायला उशीर होता होता राहिला होता, कारण डोक्याला लावायच्या तेलाची बाटली थिजून पांढरी झाली होती आणि आईनं ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवली होती.

थिजून पांढरी.

दुपारी चालतं, सकाळी नाही. नोव्हेंबरच्या दुपारी चाललं, डिसेंबरच्या सकाळी नाही. मला चादरीवरचे ते चार थेंब दिसायला लागले.

आता सांगायचं होतं. "शेठ" एवढाच शब्द तोंडापर्यंत आला आणि तिथंच बसला. शेठ फोनवर बोलत होते. अक्का पिस्तुलाच्या पेटीची कडी उघडत होत्या, लावत होत्या. मी बोलले तर इतक्या वर्षांत दुकानावर न आलेला ठपका माझ्यामुळे येणार होता. न बोलले तर कोणालाच कळणार नव्हतं. मी खरंच तेवढा हिशोब केला, हे इथं लिहायला लाज वाटते.

बोलता येईना, म्हणून मी टाइप केलं. प्रिंटरमधून कागद निघाला आणि मी तो सहीसाठी अक्कांसमोर ठेवला. अक्कांनी चष्मा लावला आणि मैदानावर हजेरी घेतल्यासारखा मोठ्यानं वाचला.

"कारण. दसऱ्याच्या पूजेच्या वेळी दुकानातील कर्मचाऱ्याने पिस्तुलाच्या आत खोबरेल तेल घातले. ते थंडीत थिजते. पिस्तूल निर्दोष आहे. कर्मचारी दोषी आहे."

शेठनी फोन ठेवला. मी टेबलाकडे बघत होते.

"खोबरेल?" शेठ म्हणाले.

"चार थेंब," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

अक्कांनी कागद खाली ठेवला. "उघड," त्या म्हणाल्या. "बघू दे."

मी नानांचा चिमटा काढला. नानांनी शिकवल्याप्रमाणे एकेक भाग सुटा करून फडक्यावर ठेवला. काडतुसाच्या बुडावर आपटणारी जी बारीक पिन असते तिच्या घरात मेणासारखं पांढरं साचलं होतं. पिन त्यातून रांगत जात होती, तिच्या धक्क्यात जोरच नव्हता. आणि त्या पांढऱ्यात गुलाबी छटा होती. पूजेचं कुंकू तेलाबरोबर आत उतरलं होतं. कोपऱ्यात झेंडूची एक पाकळीही निघाली.

अक्का वाकून बघत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "हाई तं पिस्तूल नही," त्या म्हणाल्या, "देवघर शे!" आणि त्या अशा हसल्या, की साड्यांच्या दुकानातून दोन बायका डोकावल्या.

शेठ हसले नाहीत. पुढं येऊन त्यांनी ती पाकळी उचलली आणि म्हणाले, "आणि नळीला कुंकू लावणारा मी. कागदावर माझंही नाव टाक."

त्या संध्याकाळी मी सुरतेला नानांना फोन केला. दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाना सगळी शस्त्रं पुन्हा उघडून पुसत बसायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला कामाशिवाय चैन पडत नाही. पूजेनं जे आत जायचं ते काढत होते, हे मला आत्ता कळलं.

"नाना, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस," नाना म्हणाले. "मीही बोलायला हवं होतं म्हणा." चार वर्षं एका कोठडीत शेजारी बसलेल्या दोन माणसांना एवढं बोलायला सुरतेचा फोन लागला. याची मला अजून चुटपुट आहे.

स्पर्धेच्या रविवारी शेठनी मला धुळ्याला पाठवलं. "तू घातलंस, तूच जाऊन बघ," म्हणाले. आदल्या दिवशी मी आत्याकडे मुक्कामाला गेले आणि सकाळी सात वाजता रेंजवर पोचले. धुळ्याची थंडी ज्यानं खाल्ली त्यालाच ठाऊक. श्वासाची वाफ दिसत होती. अक्का मफलर, स्वेटर आणि त्याच कॅनव्हासच्या बुटांत रेषेवर उभ्या होत्या. मी मागे, दोरीपाशी, कानांवर आवाज अडवणारे मफ चढवून. हातमोजे घातलेली माझी बोटं एकमेकांत अडकलेली.

पहिली गोळी. उडाली. दुसरी, तिसरी. पाचच्या पाच. वकीलसाहेबांनी मान वळवून पाहिलं. दुसऱ्या फेरीत पुन्हा पाच. मी श्वास सोडला.

तिसऱ्या फेरीत दोन गोळ्या झाल्या आणि अक्कांचा डावा हात वर गेला.

पिनेचं घर मी तीनदा धुतलं होतं. चारदा धुवायला हवं होतं. रेंजचा अधिकारी चालत अक्कांजवळ गेला. सगळे बघत होते. अक्का काहीतरी बोलल्या. अधिकाऱ्यानं खिशातून रुमाल काढून त्यांना दिला.

"चष्मावर वाफ जमनी शे!" अक्का आता सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत होत्या. "काही दिखत नही. पिस्तूल ठीक शे, म्हातारीच गार पडनी!"

त्यांनी काच पुसली, रुमाल परत केला आणि उरलेल्या तीन गोळ्या वाजवल्या.

निकाल फळ्यावर लागला. राज्य स्पर्धेसाठी निवडलेल्यांच्या यादीत अक्कांचं नाव शेवटचं होतं. पण होतं. वकीलसाहेब येऊन म्हणाले, "अक्का, त्या संग्रहालयाचा पत्ता द्या जरा." अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं. वकीलसाहेबांनी मला विचारलं, "तुम्ही जळगावच्या का?" मी हो म्हणाले. मग नळी कशी बघायची, नंबर का बघायचे नाहीत, हे सगळं त्यांना सांगितलं. किती वेळ बोलले कोण जाणे. अक्का मधेच म्हणाल्या, "बस कर पोरी, त्यास्ना चहा गार हुई ऱ्हायना."

तो अर्ज कधी दाखल झालाच नाही. शेठनी फाडायलाही दिला नाही. काउंटरच्या काचेखाली, परवान्याच्या नमुन्याशेजारी त्यांनी तो सरकवून ठेवलाय. खाली पेनानं एक ओळ वाढवली आहे : 'कुंकू मालकाने लावले.' यंदाच्या दसऱ्याला कुंकू फक्त पेट्यांना लागलं. दस्त्यांना तेल लावून झाल्यावर खोबरेलाची बाटली शेठनी स्वतः घरी नेली.

तो वाचून गिऱ्हाईक माझ्याशीच बोलेल, हा शेठचा हिशोब बरोबर आहे. शस्त्र घ्यायला आलेला माणूस काउंटरवर कोपर टेकतो आणि खाली बघतो. वाचतो, हसतो आणि विचारतो, "हा कर्मचारी कोण?"

पूर्वी मी शेठकडे बोट दाखवलं असतं. आता मी हात वर करते.